परदेशातलं पगाराचं खातं: बँक निवडताना मी आधी काय विचारते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांच्या करारावर परदेशात नोकरी मिळाली आहे, सहा आठवड्यांत निघायचं आहे. कंपनीने एका मोठ्या बँकेचं नाव सुचवलंय. तिथे आधीच असलेले सहकारी म्हणतात, शाखेच्या नादी लागू नका, मोबाइलवरच्या बँकेत दहा मिनिटांत खातं उघडतं. आणि तुमच्या स्वतःच्या मनात आहे की आत्ता वापरता त्या बहुचलनी खात्यातच पगार घेतला तर नवी बँक हवीच कशाला? या तिघांपैकी सर्वांत चांगलं कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

देश आणि व्हिसाचा प्रकार तुम्ही लिहिलेला नाही. त्यामुळे मी बँकेचं नाव सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याचंही फारसं मनावर घेऊ नका. एकाच बँकेचा अनुभव दोन देशांत अगदी वेगळा येतो, कधीकधी एकाच शहरातल्या दोन शाखांतही. पण विचार कोणत्या क्रमाने करायचा ते सांगू शकते. गेली सोळा वर्षं मी एका अभियांत्रिकी कंपनीत माणसं बाहेरच्या देशांत पाठवण्याचं काम बघते आहे, म्हणजे व्हिसा, घर, पगार आणि ओघाने बँकही. स्वतःही दोन देशांत परकी म्हणून राहिले आहे. इतक्या वर्षांत बँकेने फी जास्त लावली म्हणून माझ्याकडे रडत आलेला माणूस मला आठवत नाही. खातं अडकलं म्हणून आलेले मात्र ढिगाने आठवतात.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते. सर्वांत चांगली बँक कोणती हे बाजूला ठेवा. माझं खातं एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलं तर मी कुणाशी बोलेन, आणि तोवर घरभाडं कशातून जाईल, हे आधी विचारा. याचं उत्तर ज्या मांडणीत मिळतं ती मांडणी तुमच्यासाठी बरोबर.

पण खातं अडकायला आधी उघडावं लागतं, आणि पहिली कटकट तिथेच असते. घरमालक म्हणतो भाडं स्थानिक खात्यातून द्या, बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा. कंपनी म्हणते पगारासाठी खाते क्रमांक द्या, बँक म्हणते पगाराची स्लिप दाखवा. हे चक्र कुठून तोडायचं ते देशावर अवलंबून आहे. जर्मनीत राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंदणी झाली की बऱ्याच गोष्टी मोकळ्या होतात. ऑस्ट्रेलियातल्या काही मोठ्या बँका तुम्ही देशात पोचण्याआधीच ऑनलाइन खातं उघडून देतात. त्यात पैसे भरता येतात, काढता मात्र येतात ते तिथे जाऊन ओळख पटवल्यावर. जपानमध्ये नवख्या परदेशी माणसाला सहा महिने होईपर्यंत बऱ्याच बँका 'अनिवासी' धरतात. तिथल्या कार्यालयात नोकरी असणाऱ्याला कायद्याने निवासी मानता येतं, पण काउंटरवरच्या माणसाला हे दर वेळी ठाऊक असतंच असं नाही. अशा ठिकाणी कंपनीने सुचवलेली बँक सोन्यासारखी. त्या बँकेचे व्याजदर चांगले असतात म्हणून नव्हे, तर तुमच्या कंपनीचं नियुक्तिपत्र तिथल्या शाखेने आधी दहादा पाहिलेलं असतं म्हणून.

आणि बँकेने नाही म्हटलं म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. युरोपीय संघात २०१४ च्या एका निर्देशानुसार कायदेशीर वास्तव्य असलेल्या कुणालाही मूलभूत खातं मिळण्याचा हक्क आहे, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फ्रान्समध्ये नकार मिळाला तर तिथली मध्यवर्ती बँकच तुमच्यासाठी एक बँक नेमून देते. कॅनडात योग्य ओळखपत्रं असतील तर नोकरी नसली, भरायला पैसे नसले तरी खातं उघडून मिळतं. हे हक्क काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही. नकार लेखी मागा. माझा अनुभव असा की 'लेखी द्या' म्हटल्यावर निम्मे नकार तिथेच विरघळतात.

आता तुमच्या बहुचलनी खात्याकडे येते, कारण खरी गल्लत इथे होते. ॲप दिसायला बँकेसारखं, कार्ड बँकेसारखं, खाते क्रमांकही असतो. पण त्यामागे बँकेचा परवाना आहे, की 'ई-मनी' संस्थेचा (म्हणजे पैसे डिजिटल रूपात ठेवणारी आणि पाठवणारी, पण बँक नसलेली संस्था), की तिसऱ्याच कुठल्या बँकेच्या पाठीवर बसलेली कंपनी आहे, हे वेगवेगळं असतं. बँकेचा परवाना असेल तर ठेव विमा लागू होतो. युरोपीय संघात एका माणसाला एका बँकेत १ लाख युरोपर्यंत, अमेरिकेत २.५ लाख डॉलरपर्यंत, जपानमध्ये १ कोटी येनपर्यंत आणि त्यावरचं व्याज, सिंगापूरमध्ये १ लाख सिंगापूर डॉलरपर्यंत. ब्रिटनमध्ये ही मर्यादा बरीच वर्षं ८५ हजार पौंड होती, १ डिसेंबर २०२५ पासून ती १ लाख २० हजार झाली. ई-मनी संस्थेत हा विमा नसतो. ग्राहकांचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवण्याची सक्ती असते. ती बऱ्यापैकी चांगली सोय आहे, पण कंपनी बुडाली तर वेगळे ठेवलेले पैसे वाटायला वेळ लागतो, आणि त्या वाटपाचा खर्चही त्यातूनच जाऊ शकतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर दोन घटना सांगते. जून २०२० मध्ये जर्मनीतली वायरकार्ड ही कार्डांचे व्यवहार चालवणारी कंपनी कोसळली. २६ जूनला ब्रिटनच्या नियामकाने तिच्या तिथल्या उपकंपनीचं काम थांबवलं, आणि त्या उपकंपनीवर कार्डं चालवणाऱ्या कित्येक ॲपचे ग्राहक काही दिवस दुकानात कार्ड पुढे करून नुसते उभे राहिले. त्यांनी वायरकार्डचं नावही ऐकलेलं नव्हतं. २०२४ मध्ये अमेरिकेत सिनॅप्स नावाची कंपनी दिवाळखोरीत गेली. ही ॲप आणि बँका यांच्या मधे बसून कुणाचे किती पैसे याचा हिशेब ठेवायची. हिशेबच जुळेना, आणि लाखाहून जास्त लोकांचे पैसे महिनोन्महिने अडकले. खरी बँक कुठेच बुडाली नव्हती, त्यामुळे ठेव विमाही कामाला आला नाही. विमा बँक बुडण्याचा असतो, मधल्या माणसाची वही हरवण्याचा नसतो.

तेव्हा त्या ॲपच्या अटींमध्ये अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं कंपनीचं नाव शोधा, आणि ते नाव त्या देशाच्या नियामकाच्या यादीत बँक म्हणून आहे का ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. बँक दुसऱ्या देशाची शाखा असेल तर हमी कोणत्या देशाची तेही बघा. २००८ मध्ये आइसलँडच्या एका बँकेच्या 'आइससेव्ह' खात्यांत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या लोकांनी पैसे ठेवले होते. बँक कोसळल्यावर हमी आइसलँडची की आपली, यावर सरकारांमध्येच अनेक वर्षं भांडण चाललं.

मी बहुचलनी खात्याच्या विरोधात नाही. स्वतः वापरते, आणि पैसे पाठवायला त्याच्याइतकं स्वस्त क्वचित काही सापडतं. माझं म्हणणं इतकंच की ते वाहनासारखं वापरावं, तिजोरीसारखं नाही. पगार आला, लागेल तेवढा पुढे पाठवला, बाकी बँकेत.

पगार थेट तिथे घेण्यात आणखी एक अडचण येऊ शकते. खाते क्रमांक कोणत्या देशाचा आहे यावरून लोक अडतात. युरोपात सेपा, म्हणजे युरोमधले पैसे पाठवायच्या सामाईक व्यवस्थेत, २०१२ पासूनचा नियम आहे की दुसऱ्या सदस्य देशाचा आयबॅन (देशाच्या दोन अक्षरांनी सुरू होणारा खाते क्रमांक) आहे म्हणून पगार द्यायला किंवा बिल घ्यायला नकार देता येत नाही. तरीही पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या देशाची दोन अक्षरं बसतच नाहीत, जिममालक फॉर्म परत करतो, आणि तुम्ही कायदा छापून घेऊन फिरत बसता. कायदा तुमच्या बाजूने असतो, पण पहिल्या महिन्यात कायदा शिकवत फिरायला कुणाकडे वेळ असतो?

स्थानिक बँकेच्या बाजूने माझं सर्वांत मोठं कारण मात्र यापेक्षा वेगळं आहे, आणि ते निघण्याआधी कुणाच्या लक्षात येत नाही. पुष्कळ देशांत बँक खातं ही तिथल्या रोजच्या जगण्याची किल्ली असते. स्वीडनमध्ये 'बँकआयडी' नावाची डिजिटल ओळख बँकाच देतात. कर भरणं, डॉक्टरची वेळ घेणं, करारावर सही करणं, सगळं तिच्यावर चालतं, आणि ती मिळायला तिथला व्यक्तिक्रमांक आणि तिथल्या बँकेत खातं लागतं. मोबाइलवरून पैसे द्यायचं 'स्विश'ही तिच्यावरच चालतं. स्वित्झर्लंडमध्ये 'ट्विंट', स्पेनमध्ये 'बिझुम', ब्राझीलमध्ये मध्यवर्ती बँकेनेच २०२० मध्ये सुरू केलेलं 'पिक्स'. ऑफिसात कुणाच्या निरोपाची वर्गणी गोळा होते तेव्हा दहा जण फोन काढतात आणि अकरावा नोटा मोजत बसतो. अकरावा होऊ नका. निवडलेली बँक तिथल्या या व्यवस्थेशी जोडलेली आहे का, आणि तुमच्या व्हिसाच्या माणसाला ती सोय लगेच मिळते का, हे आधीपासून तिथे असलेल्या परदेशी सहकाऱ्यांना विचारा. स्थानिक सहकाऱ्यांना विचारून उपयोग नाही. त्यांना ते सोळाव्या वर्षी आपोआप मिळालेलं असतं.

फीबद्दल थोडक्यात. महिन्याच्या फीकडे सगळे बघतात, विनिमय दरातल्या फरकाकडे कुणी बघत नाही. समजा बँकेची फी महिन्याला ५ आहे आणि तुम्ही दर महिन्याला १,००० घरी पाठवता. बँक बाजारभावापेक्षा ३ टक्के वाईट दर देत असेल तर वर्षाला ६० फी जाते आणि ३६० त्या दरात जातात. पावतीवर मात्र 'शुल्क शून्य' असं छापलेलं असतं. मधल्या बँकांतून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरणात शुल्क कोण भरणार हा पर्याय निवडावा लागतो: सगळं पाठवणाऱ्याने, दोघांत वाटून, किंवा सगळं घेणाऱ्याने. अनामत किंवा शिक्षणाची फी पाठवताना सगळं पाठवणाऱ्याकडे ठेवा, नाहीतर पोचताना वीस-पंचवीस कमी पोचतात आणि पलीकडचा म्हणतो रक्कम अपुरी आहे. आणि परदेशी कार्ड वापरताना मशीनने 'तुमच्या चलनात आकारू का' असं विचारलं तर नाही म्हणा, नेहमी. फीबद्दल एवढं पुरे.

आता त्या शुक्रवार संध्याकाळकडे वळते.

परदेशी माणसाचं खातं अडकतं ते बहुधा तीन-चार ठरावीक कारणांनी. वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपली आणि नव्या परवान्याची प्रत बँकेत पोचली नाही. पासपोर्ट नवा झाला, क्रमांक बदलला. नेहमीपेक्षा मोठी रक्कम बाहेरून आली. किंवा नाव जुळत नाही. शेवटचं कारण हास्यास्पद वाटतं, पण फार छळतं. ज्यांच्या नावाचे तीन-चार भाग आहेत त्यांचं पासपोर्टवर एक, कंपनीच्या यादीत दुसरं, बँकेच्या कार्डावर जागा संपली म्हणून तिसरंच. ब्रिटनमध्ये आणि आता युरो वापरणाऱ्या देशांतही पैसे पाठवताना नाव आणि खाते क्रमांक जुळतो का ते तपासलं जातं. म्हणून पहिल्याच दिवशी एक नाव ठरवा, पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यातलं, आणि सगळीकडे तेच द्या.

माझ्यावर ही वेळ दुसऱ्या देशात आली. परवाना नूतनीकरणाला दिला होता, अर्जाची पोच हातात होती, कायद्याने मी अगदी बरोबर होते. बँकेच्या संगणकाला फक्त जुनी तारीख दिसत होती. पगार जमा झाला आणि त्याच रात्री खातं गोठलं. शाखा नसलेली बँक होती ती. चॅटवर रोज नवा माणूस यायचा, रोज नम्रपणे माफी मागायचा, आणि कारण कुणीच सांगायचं नाही. एकोणीस दिवस. घरभाडं एका मैत्रिणीने भरलं.

ते कारण का सांगत नव्हते हे मला नंतर कामातूनच कळलं. काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यांत बहुतेक देशांमध्ये अशी तरतूद असते की संशयावरून चौकशी चालू असेल तर बँकेने ग्राहकाला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही. त्यामुळे कर्मचारी साधं केवायसीचं प्रकरण असलं तरी तोंड मिटून बसतात, चुकून भलतं बोललं जाऊ नये म्हणून. त्यांच्यावर ओरडून काही होत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो शाखेतला एक माणूस, जो तुमची पोच हातात घेऊन, प्रत काढून, योग्य विभागाला पाठवतो. अडकायचं ते शाखेच्या बँकेतही अडकतं, सुटतं मात्र लवकर. माझ्याकडच्या प्रकरणांत तरी हा फरक मला वर्षानुवर्षं दिसत आलाय. फक्त मोबाइलवर चालणाऱ्या, पण पक्का परवाना असलेल्या बँका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्या दुसऱ्या क्रमांकाला उत्तम आहेत.

मुदतीची तारीख तर बँकेआधी तुम्हीच लक्षात ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज केल्याच्या दिवशीच पोच बँकेला द्या, त्यांनी मागण्याची वाट पाहू नका. जपानमध्ये नव्या मुदतीचं निवासी कार्ड दाखवलं नाही तर व्यवहार थांबवणाऱ्या बँका आहेत, आणि त्यांचं पत्र येतं ते जपानी भाषेत, साध्या लिफाफ्यात, जाहिरातीच्या गठ्ठ्यात. कर-निवासाचा एक फॉर्मही येईल. शंभराहून जास्त देश एकमेकांना खात्यांची माहिती देतात, त्यासाठी तुम्ही कर कुठे भरता हे बँकेला विचारावं लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण फॉर्म तसाच पडू दिला तर खात्यावर बंधनं येऊ शकतात. तुमच्याकडे किंवा जोडीदाराकडे अमेरिकी नागरिकत्व असेल तर खातं उघडण्याआधीच सांगा. अमेरिकी लोकांच्या खात्यांची माहिती अमेरिकेला द्यायला लावणाऱ्या २०१० च्या फॅटका कायद्यामुळे काही बँका असे ग्राहक घेतच नाहीत.

म्हणजे तुमच्या जागी मी असते तर पगार कंपनीने सुचवलेल्या, शाखा असलेल्या बँकेत घेतला असता. सहकाऱ्यांच्या मोबाइल बँकेत दुसरं खातं उघडून त्यात दोन महिन्यांचं भाडं आणि खर्च ठेवला असता, आणि त्याला हात लावला नसता. जुनं बहुचलनी खातं फक्त घरी पैसे पाठवायला. दोन्ही बँका एकाच समूहाच्या नसाव्यात, एवढं बघा. पहिल्या काही आठवड्यांत, स्थानिक खातं उघडेपर्यंत, बहुचलनी खातं पगारालाही वापरता येईल. कंपनीला आधी विचारून ठेवा.

एका ठिकाणी हा सल्ला बदलावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशात, जिथे पगार सरकारी देखरेखीच्या वेतन प्रणालीतून बँकेत येतो, तिथे नोकरी सुटल्यावर मिळणारी अखेरची रक्कम जमा झाली की बँक ती ओळखते. त्याच बँकेचं कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती फिटेपर्यंत खातं गोठवलं जाऊ शकतं. तेव्हा पगार जिथे येतो तिथेच कर्ज घेऊ नका. पगाराच्या जोरावर पहिल्याच महिन्यात कार्ड देऊ करणारा तो गोड आवाजाचा फोन येईल, तेव्हा हे आठवा.

दोन वर्षांनी निघायची वेळ येईल, त्याचंही आत्ताच बघा. घराची अनामत, कराचा परतावा, विजेच्या बिलातली शिल्लक, हे सगळं तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी परत येतं, आणि बऱ्याचदा स्थानिक खात्यातच येतं. त्यामुळे खातं उघडतानाच विचारा, देश सोडल्यावर परदेशी पत्त्यावर ते चालू ठेवता येतं का, आणि तेव्हा फी किती. काही बँका ठेवू देतात, काही पत्ता बदलल्या बदलल्या बंद करायला लावतात. न सांगता जुन्या पत्त्यावर खातं चालू ठेवायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो घेऊ नका, पत्र परत आलं की खातं गोठतं, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या खंडात असता.

ओटीपीचं विसरू नका. स्थानिक सिम बंद केलं की ओटीपी येत नाही, ओटीपीशिवाय नंबर बदलता येत नाही. निघण्याच्या महिनाभर आधी बँकेच्या ॲपमधूनच व्यवहार मंजूर करायची सोय चालू करून घ्या, नाहीतर स्वस्तातला प्लॅन घेऊन ते सिम सहा महिने जिवंत ठेवा. आणि खातं शेवटी बंद कराल तेव्हा आधी सगळी स्टेटमेंट उतरवून घ्या, सोबत खातं बंद झाल्याचं आणि काहीही बाकी नसल्याचं पत्र मागून घ्या. खातं बंद झालं की ॲपमध्ये शिरता येत नाही, आणि करखात्याची विचारणा दोन-तीन वर्षांनीही येऊ शकते.